गिरदावरीआधीचे बारा शेर

नळदुर्गच्या तहसील कचेरीत अठरा वर्षं अहलकारी, म्हणजे कारकुनी, केल्यावर विरुपाक्षप्पांना गिरदावर व्हायची संधी आली, आणि ती एका घोडीनं अडवली.

गिरदावर म्हणजे पंचवीस-तीस गावांवर नजर ठेवणारा माणूस. पिकं बघायची, शिवारं फिरायची, पटवाऱ्यानं घरात बसून लिहिलेलं शेतात जाऊन ताडून बघायचं. हे सगळं घोड्यावरून. जुने गिरदावर पेन्शनीत निघाले तेव्हा तहसीलदारसाहेबांनी विरुपाक्षप्पांना बोलावून घेतलं. साहेब हैदराबादचे, बोलायला मऊ. जागा तुमचीच आहे, म्हणाले, फक्त घोडीवर बसून कचेरीला एक फेरी मारून दाखवा, की मी शिफारस वर पाठवतो.

कचेरीला दौऱ्यासाठी घोडी द्यायचा तो बिराप्पा धनगर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो घोडी घेऊन आला. विरुपाक्षप्पांनी रिकिबीत पाय ठेवला, दोन शिपायांनी खालून हात दिला आणि ते वर गेले. घोडी क्षणभर उभी राहिली. मग तिनं आधी पुढचे गुडघे टेकले, नंतर मागचे, आणि ती शांतपणे खाली बसली. विरुपाक्षप्पांचे दोन्ही पाय जमिनीला लागले. आता बघणाऱ्याला वाटावं, एक भारदस्त गृहस्थ उभा आहे आणि कुणीतरी त्याच्या पायांमधे घोडी सारून ठेवली आहे.

ती उधळली असती, चावली असती, तर चारचौघांत सांगायला काहीतरी राहिलं असतं. बसलेल्या घोडीबद्दल काय सांगणार? तहसीलदारसाहेब हसले नाहीत. रुमाल तोंडाला लावून बराच वेळ खोकले, आणि विरुपाक्षप्पांना सरकारी दवाखान्यात पाठवून दिलं.

डॉक्टर म्हणजे एक वाळके, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी छाती ऐकली, गुडघे दाबले, जीभ बघितली. काळीज ठीक होतं, गुडघे नाराज होते. वजन पक्के दोन मण वीस शेरांवर आलं तर सहीचा दाखला देईन, त्याच्या आधी नाही, असं त्यांनी सांगितलं. मुदत शिवरात्रीपर्यंत. त्यानंतर जमाबंदीचं काम निघणार आणि जागा बाहेरच्या कुणाला तरी जाणार.

आता वजन कमी करायचं तर आधी ते किती आहे हे कळायला हवं. दवाखान्यातल्या तागडीत हिवतापावरच्या कोयनेलची भुकटी मोजत. शेजारच्या महालिंगप्पा किराणेवाल्याकडं पोती तोलायचा काटा होता, पण व्यापाऱ्याच्या काट्यावर कचेरीचा विश्वास नव्हता. सरकारी मोहरेचा काटा एकच, सोलापूरच्या रस्त्यावरच्या करोडगिरी नाक्यावर. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, येणारा-जाणारा माल तिथं तोलला जाई. तहसीलदारसाहेबांनी चिठ्ठी दिली.

नाक्यावरचे मुहर्रिर, म्हणजे तिथले कारकून, कायद्याचे पक्के होते. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि रजिस्टर उघडलं. काट्यावर जे चढतं ते रजिस्टरात चढतं, आणि रजिस्टरात रकाने सहा. पहिला रकाना मालाचा प्रकार. मुहर्रिरांनी विरुपाक्षप्पांकडं वरपासून खालपर्यंत बघून लिहिलं : अहलकार, नग एक.

"माल मुल्की है या गैरमुल्की?" त्यांनी विचारलं.

विरुपाक्षप्पा सात पिढ्यांचे इथलेच. मुल्की, म्हणाले. मग कुठून आला, कुठं जाणार, नासका आहे की टिकाऊ, हे रकाने झाले. टिकाऊ लिहिलं. चार हमालांनी साखळ्या धरल्या, विरुपाक्षप्पा पारड्यात मांडी घालून बसले आणि पलीकडं लोखंडी वजनं चढू लागली. नाक्यावर तेलाच्या डब्यांच्या गाड्या खोळंबल्या होत्या. गाडीवान उतरून बघायला आले. काटा स्थिर झाला तेव्हा भरले दोन मण बत्तीस शेर. म्हणजे बारा शेर उतरवायचे होते. ते खाली उतरून कोट झटकत असताना एका हमालानं, हाताची सवय म्हणून, तोललेल्या मालावर मारतात तो गेरूचा शिक्का त्यांच्या पाठीवर उमटवला. ते तसेच भर बाजारातून घरी गेले. लोक आज इतके अदबीनं वाट का देताहेत, याचा उलगडा घरी बायकोनं, जगदेवीनं, कोट काढून घेताना झाला.

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य साधं होतं. दोन वेळा ज्वारीची भाकरी, आधी भाजी आणि वरण, मग भाकरी. ताक प्या, तूप चमच्यानं घ्या, वाटीनं नको. सकाळ-संध्याकाळ चाला. रात्री वेळेवर झोपा. आठवड्याला अर्धा-पाऊण शेर उतरला तरी पुष्कळ. "जल्दी नक्को, अप्पा," असं त्यांनी दारापर्यंत येऊन पुन्हा सांगितलं.

जगदेवीनं घरात शब्दाला शब्द पाळला. तुपाची बरणी वरच्या फळीवर गेली. विरुपाक्षप्पा चालू लागले, म्हणजे घरापासून कचेरीपर्यंत आणि कचेरीपासून घरापर्यंत, अहलकाराला शोभेल अशा संथ चालीनं. महिना झाला, नाक्यावर गेले, आणि मुहर्रिरांनी वाचून दाखवलं : दोन मण साडेतीस शेर. महिनाभर तूप बघून गिळल्याचं फळ दीड शेर.

या गतीनं आपण गिरदावर होऊ तेव्हा पेन्शनीला आलेले असू, असा हिशेब त्यांनी मनाशी केला आणि ते माणसांना विचारू लागले. वजन लवकर कसं उतरवावं हा प्रश्न असा, की त्याचं उत्तर ज्याला त्याला येतं, आणि ज्याचं पोट मोठं त्याला सविस्तर येतं. महालिंगप्पानं दुकानाच्या गादीवर बसवून एरंडेलाचा महिमा सांगितला आणि सांगता सांगता पुढ्यात भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवला, कारण तोंड रिकामं ठेवून ऐकायची ही गोष्ट नव्हे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या पार्वतम्मानं सोमवार धरायला सांगितला. निव्वळ उपास, पाणी आणि विभूती. आणि पहिलाच सोमवार म्हणून साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि शेंगदाण्याची आमटी आपल्या हातानं वाढली. मठातल्या स्वामींनी मध आणि कोमट पाण्याचं सांगून प्रसादाचा शिरा दिला. कचेरीतल्या पेशकारांनी लिंबाचं सांगितलं, ते चहाबरोबर. कुणी घोंगडी पांघरून किल्ल्याच्या तटावर उन्हात पळायला सांगितलं. ते विरुपाक्षप्पांनी एकदा केलं, तटावरून पाणी महालाच्या बाजूला उतरताना त्यांना बघून दोन बायका घागरी टाकून पळाल्या, आणि ते त्यांनी बंद केलं.

पंधरा दिवसांनी नाक्यावर वजन भरलं ते पावशेर जास्तच.

मग मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी ठरवलं की खाणंच बंद. जगदेवीला सांगितलं, पोट बिघडलंय. सकाळी एरंडेल, दुपारी लिंबाचं पाणी, संध्याकाळी काही नाही. चार दिवसांत तीन शेर उतरले. मुहर्रिरांनी मुबारकबाद दिली. पाचव्या दिवशी कचेरीत तहसीलदारसाहेबांपुढं मिसलीचे कागद वाचून दाखवताना विरुपाक्षप्पांना अक्षरं मुंग्यांसारखी चालताना दिसली, आणि ते मिसलीसकट टेबलावर कोसळले. दौत उपडी झाली. तीन गावांच्या शिवेचा तंटा, जो एकवीस वर्षं चालला होता, त्याच्या नकाशावर असा काळा तलाव पसरला की त्या शिवेवर नक्की काय आहे हे पुढं कुणालाच सांगता आलं नाही.

घरी आणल्यावर जगदेवीनं त्यांना संध्याकाळपर्यंत निजू दिलं. पेज भरवली, तोंड पुसलं, आणि मग पायाशी बसली.

"मला गिरदावरीचं काही नाही," ती म्हणाली. "शिपाई दारात आला आणि नुसता उभा राहिला. बोलेना. तेवढ्यात मी काय काय बघितलं ते मला विचारू नका."

विरुपाक्षप्पा उठून बसले. अठरा वर्षांत आपण या बाईला कसलं मोठं सुख दिलं नाही, आणि आता उपाशी मरून वर दुःख द्यायला निघालो होतो, असं त्यांना वाटलं. गिरदावरी त्यांना का हवी होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कागदावर ते रोज शेकडो शेतं बघत. सास्तूरची काळी, डोंगरकडची मुरमाड, नदीकाठची गाळाची. त्यातलं एकही त्यांनी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मरायच्या आधी ते बघावं एवढंच होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते जगदेवीला सांगितलं. ती म्हणाली, मग जेवून बघा.

दुसऱ्या दिवशी तीच त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर रागावले. उपाशी राहून उतरलं ते पाणी होतं आणि थोडी ताकद होती, म्हणाले, चरबी आहे तिथंच आहे, आणि आता ते सगळं व्याजासकट परत येईल. मग त्यांनी खोदून खोदून विचारायला सुरुवात केली की घरी एवढं पथ्य असून वजन उतरत का नाही. विरुपाक्षप्पांनी शपथेवर सांगितलं की घरच्या ताटाबाहेर ते काही खात नाहीत, फक्त लोकांचा सल्ला घेतात.

"मशवरे से आदमी मोटा नै होता," डॉक्टर म्हणाले. "मशवरे के साथ क्या खाए, वो बोलो."

विरुपाक्षप्पा सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचं त्यांनाच नवल वाटू लागलं. महालिंगप्पाचे शेंगदाणे. पार्वतम्माची खिचडी. प्रसाद. चहा, दिवसाला सहा वेळा, गोड. अर्जदारांनी आणलेले बुंदीचे लाडू, जे नको म्हणणं बरं दिसत नाही. जगदेवी मान खाली घालून ऐकत होती आणि तिचे खांदे हलत होते. डॉक्टरांनी तिला बाहेर जाऊन हसून यायला सांगितलं.

लवकर उतरवायचं असेल तर रस्ता एकच, त्यांनी समजावलं. जेवणाच्या ताटाला हात लावू नका, ताटाबाहेरचं सगळं सोडा. आणि चालणं म्हणजे चालणं. घाम आला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. सोबत रोज विहिरीचं पाणी ओढा, त्यानं अंगात जोर येईल.

पाणी ओढणं सोपं गेलं, कारण त्यांना बघून बायकांनी विहीर मोकळी करून दिली. चालणं अवघड गेलं. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. सरकार लेव्हीचं धान्य वसूल करत होतं, आणि ज्यांनी पोती दडवली होती त्यांच्याकडं कचेरीची माणसं अवचित जात. अशा दिवसांत बुधवारी, भर बाजारात, तहसीलचा अहलकार धोतराचा सोगा खोचून, हात झोकत, इकडं तिकडं न बघता झपाझप निघालेला लोकांनी बघितला. अठरा वर्षांत त्या माणसाला कुणी घाईत बघितलं नव्हतं.

पहिली फळी पडली ती महालिंगप्पाच्या दुकानाची. तो आवाज ऐकून शेजारच्यानं ओढली. विरुपाक्षप्पा जसजसे पुढं जात तसतशी दुकानं मिटत गेली. त्यांना वाटलं, आज काहीतरी मोठी गडबड आहे, आपण कचेरी गाठलेली बरी, म्हणून त्यांनी चाल वाढवली. मग धावपळच झाली. भाजीवाल्या पाट्या उचलून बोळात शिरल्या. महालिंगप्पानं ज्वारीची सात पोती मागच्या परसात नेऊन वर कडबा रचला, आणि तिथं पार्वतम्माच्या म्हशीनं त्यातलं एक फोडलं. पावणेदहाला नळदुर्गचा बाजार बंद होता आणि रस्त्यावर एकटे विरुपाक्षप्पा घाम पुसत उभे होते.

तहसीलदारसाहेबांनी जबाब मागवला. बाजार का बंद पडला, लेखी कळवावं. विरुपाक्षप्पांनी तीन मसुदे फाडले. चौथ्यात लिहिलं, की सदर इसम डॉक्टरी हुकमावरून जलद चालत होता, त्यात सरकारचा कसलाही इरादा नव्हता. साहेबांनी त्यावर शेरा मारला : यापुढं अहलकारानं बाजाराच्या हद्दीत परवानगीशिवाय जलद चालू नये. महालिंगप्पा आठवडाभर बोलला नाही, आणि त्याच्या शेंगदाण्यांतून सुटका झाली ती अशी.

चालायला गावाबाहेरच जायला हवं होतं. तिथं त्यांना बिराप्पा भेटला. तो पहाटे उजाडताना घोडीला चालवायला नदीच्या अंगानं नेत असे.

"तिचं बी वजन वाढलंय, मालक," तो म्हणाला. "त्या दिशी तुमास्नी उगंच बोल लागला. ती कुणालाबी घिऊन बसायची."

विरुपाक्षप्पांना हे ऐकून जे बरं वाटलं ते कुठल्याच औषधानं वाटलं नव्हतं. मग रोज तिघं निघू लागले. बिराप्पा लांब टांगा टाकी, घोडी त्याच्या मागं, आणि विरुपाक्षप्पा घोडीच्या बरोबरीनं. पहिल्या आठवड्यात बिराप्पाला दर शेताला थांबावं लागे. तो थांबला तरी बोलत नसे, पिकाकडं बघत उभा राही, जणू त्यालाच थांबायचं होतं. महिन्यानं ते बोरी नदीच्या पलीकडचा चढ न थांबता चढू लागले. वाटेत बिराप्पा शेतं दाखवी. हे करडईचं, हे कुणी दोनदा पेरलं, इथं पाणी हाताला लागतं. या सगळ्याचे सर्व्हे नंबर विरुपाक्षप्पांना पाठ होते. जमिनीचा रंग ते पहिल्यांदा बघत होते.

वजन आठवड्याला अर्धा शेर, कधी पाऊण, एकदा एक शेर, असं उतरत गेलं. एका आठवड्यात काहीच उतरलं नाही. तेव्हा ते पुन्हा उपासाच्या गोष्टी बोलू लागले, तर जगदेवीनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं, आणि ते मुकाट्यानं भाकरीला बसले. पुढच्या आठवड्यात उतरलं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते शेवटचं तोलायला गेले. डॉक्टर सोबत आले होते. पारडं वर-खाली झालं, थांबलं, आणि मुहर्रिरांनी वाकून बघितलं. दोन मण वीस शेर, वर दीड शेर. विरुपाक्षप्पांनी कोट काढला. जोडे आधीच काढले होते. पटका काढून ठेवला. काटा हलला, पण पुरता नाही. कंबरेच्या किल्ल्या काढल्या. तरी एक बोटभर पारडं खालीच. अंगावर आता धोतर, सदरा आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. डबी आजोबांची, चांगली वजनदार. हमालांपैकी कुणीतरी तिकडं बोट दाखवलं. विरुपाक्षप्पांचा हात डबीवर गेला आणि तिथंच मुठीत मिटला. लिंग अंगापासून दूर करायचं नसतं. गिरदावरी गेली, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि पारड्यातून उतरायला पाय खाली टाकला.

मुहर्रिरांनी हातानंच बसा म्हणून खूण केली. पंधरा-सोळा वेळा या माणसाला त्यांनी तोललं होतं आणि एकदाही रकाना सोडला नव्हता. त्यांनी उठून दुसऱ्या पारड्यात, लोखंडी वजनांच्या शेजारी, एक पावशेर ठेवलं. काटा सरळ झाला.

"वो तुलने की चीज नै है," ते म्हणाले, आणि रजिस्टरात दोन मण वीस शेर लिहून खाली मोहर मारली. डॉक्टरांनी तिथंच मांडीवर कागद ठेवून दाखल्यावर सही केली.

शिफारस गेली, हुकूम आला, आणि फाल्गुनात गिरदावर विरुपाक्षप्पा पहिल्या दौऱ्यावर चिंचोलीला निघाले. घोडीनं त्यांना घेतलं, हे आधी सांगायला हवं. बसली नाही. दोन कोस ते वर बसून गेले. मग ओढ्यात बिराप्पाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो लंगडू लागला तेव्हा विरुपाक्षप्पा खाली उतरले आणि त्याला वर बसायला लावलं. तो नको नको म्हणत होता. ऊन चढलं होतं, हातात कोट कशाला वागवायचा, म्हणून तो बिराप्पाच्या अंगात घातला, आणि लगाम धरून ते सवयीच्या झपाट्यानं चालू लागले.

चिंचोलीच्या वेशीत पाटील हलगी घेऊन उभे होते. त्यांनी घोडीवर कोट बघितला आणि हार बिराप्पाच्या गळ्यात घातला. बिराप्पा घाबरून ओरडू लागला की म्या न्हाय, म्या न्हाय. हलगीत शब्द कळत नव्हते, साहेब रागावलेत एवढं कळत होतं. म्हणून पाटलांनी पायच धरले आणि त्याला उचलून चावडीत लोडाला टेकवलं. विरुपाक्षप्पा पुढं झाले. चावडीच्या शिपायानं त्यांना घोडी लिंबाखाली बांधायला सांगितलं.

ते खुलासा करणारच होते. एवढ्यात चावडीत ताट गेलं. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, कुरडया. त्या ताटाकडं त्यांनी नीट बघितलं, मग बिराप्पाच्या रडवेल्या तोंडाकडं बघितलं, आणि त्याला हात जोडून म्हणाले, "जेवा साहेब, निवांत जेवा. तपासणी मागून करू."

लिंबाखाली चार शेतकरी कांदा फोडून बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. गजराबाई नावाची म्हातारी भाकरी, झुणका आणि ताक वाढत होती. घोडेवाल्यापुढं काय लपवायचं, म्हणून माणसं मोकळी बोलत होती. कुणाचं रान पडीक असून कागदावर पिकलं होतं, कुणाची विहीर पाटलाच्या नावावर लागली होती, कुणाकडून लेव्ही दोनदा नेली होती. विरुपाक्षप्पा चावत होते आणि ऐकत होते. अठरा वर्षं त्यांच्यापुढं याच गावांचे कागद येत होते, आणि या बोलण्यातलं एक अक्षर त्यांत नव्हतं. विहिरीचा नंबर त्यांना पाठ होता. ती कुणाची हे आज कळलं.

ताट रिकामं झालं तसं गजराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. सदरा खांद्यावरून लोंबत होता, बाह्या मनगटाखाली उतरल्या होत्या.

"घोडी धरून धरून लई वाळलास रं बाबा," ती म्हणाली. "घे आणिक एक भाकर."

विरुपाक्षप्पांचा घास हातातच राहिला. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वाळलास हा शब्द त्यांना कुणी लावला नव्हता. आईनंसुद्धा नाही. त्यांनी म्हातारीला तो पुन्हा उच्चारायला लावला, ऐकू आलं नाही असं दाखवून. मग तिच्या समाधानासाठी भाकर घेतली, अर्धी मोडून तिच्या हातात परत दिली, आणि उरलेली अर्धी सावकाश चावत शेजारच्याला त्या विहिरीचं पुढं विचारलं.